ब्रॅडफर्ड: लोकरीच्या शहरात आप्पांसोबत तीन दिवस

लालबागची लेक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसले.

गेली नऊ वर्षं मी इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. ब्रॅडफर्ड इथून आगगाडीने वीसेक मिनिटांवर, पण मी तिथे फक्त मसाले आणि डाळी आणायला जायचे. "तिथे बघण्यासारखं काय आहे?" असं इथले लोकच म्हणतात आणि मीही ते धरून चालले होते. यंदा जूनमध्ये माझे वडील, आप्पा, पहिल्यांदा आले. वय ७६. लालबागच्या एका गिरणीत १९६९ पासून साचेखात्यात, म्हणजे मागावर कापड विणायच्या खात्यात, होते (मागाला आमच्याकडे साचा म्हणतात), १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले आणि पुन्हा त्या फाटकातून आत गेले नाहीत. इथे आल्यावर त्यांना यॉर्कचं चर्च दाखवलं, किल्ले दाखवले. त्यांनी सगळं मुकाट्यानं पाहिलं. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, "इकडं गिरण्या होत्या ना गं? त्या दाखव की."

म्हणून हा धागा, एका गेलेल्या उद्योगाच्या खुणांचा. तीन वेगवेगळ्या दिवशी जाऊन आम्ही जे पाहिलं ते लिहिते.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण 'इंग्लंडमधल्या कापडगिरण्या' म्हटलं की आपल्याला फक्त मँचेस्टर आठवतं. मँचेस्टर आणि लँकेशायर हे कापसाचं. पेनाइन डोंगररांग ओलांडून पूर्वेला यॉर्कशायरमध्ये आलं की लोकर. ब्रॅडफर्डची खासियत 'वर्स्टेड'. लोकर विंचरून त्यातले लांब धागे वेगळे काढायचे, ते एकाच दिशेने समांतर लावायचे आणि मग पीळ द्यायचा. त्यातून गुळगुळीत, घट्ट, पातळ कापड निघतं, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या सुटाला जे घेतात ते. विंचरलेल्या लांब लोकरीला 'टॉप्स' म्हणतात, उरलेल्या आखूड लोकरीला 'नॉइल्स'. कोळसा जवळच होता आणि डोंगरातून येणारं पाणी मऊ, लोकर धुवायला उत्तम. १८०१ साली सुमारे सहा हजार वस्तीचं हे गाव १८५१ पर्यंत लाखावर गेलं. पन्नास वर्षांत! नुसता आकडा वाचून काही वाटत नाही, पण परळ-लालबाग कसं भरत गेलं हे ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलंय त्यांना त्यातली दाटी कळेल.

पहिला दिवस शहरात. वूल एक्स्चेंज ही लोकरीच्या सौद्यांची इमारत १८६७ ची. आत आता पुस्तकांचं दुकान आहे. वर मान करून पाहा: दगडी खांब, कमानी, लाकडी छत. जिथे व्यापारी लोकरीचे भाव ठरवायचे तिथे आता मुलं चित्रांची पुस्तकं चाळत बसलेली असतात. पलीकडे 'लिटल जर्मनी' नावाचा भाग आहे. जर्मनीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी, त्यात ज्यू बरेच होते, तिथे कापडाच्या वखारी बांधल्या. वखार म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं त्याच्या अगदी उलट. एखाद्या राजवाड्यासारखी दारं. टाउन हॉलचा, म्हणजे आताच्या सिटी हॉलचा, १८७३ चा मनोरा फ्लॉरेन्समधल्या एका जुन्या मनोऱ्यावरून घेतलाय. पैसा किती होता ते या तीन इमारतींतच कळतं.

आप्पांनी हे पाहिलं आणि विचारलं, "ही शेठजींची. कामाला येणारी माणसं कुठं राहायची?"

म्हणून मग मॅनिंगहॅमला गेलो, लिस्टर मिल्सकडे. हिला मॅनिंगहॅम मिल्सही म्हणतात. रेशीम आणि मखमल काढणारी ही अवाढव्य गिरणी सॅम्युअल लिस्टरची. रेशमाचा जो टाकाऊ चोथा राहायचा तो विंचरून त्यातून सूत काढायची रीत त्याने बसवली आणि त्यावर गडगंज पैसा केला. धुराडं २४९ फूट. चौकोनी आहे, दुरून एखाद्या देवळाच्या शिखरासारखं दिसतं. आप्पा रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. धूर नाही, पण धुराडं शाबूत.

इथे मी त्यांना १८९० च्या संपाची गोष्ट सांगितली. अमेरिकेने त्या वर्षी परदेशी मालावर जबर जकात बसवली, मखमलीची विक्री पडली आणि मालकाने डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, मजुरी कापायची नोटीस लावली. हजारो कामगार बाहेर पडले, त्यात बायका आणि मुली पुष्कळ. एकोणीस आठवडे संप चालला. एप्रिल १८९१ मध्ये रस्त्यावर दंगल झाली, सैन्य आणलं गेलं, आणि शेवटी कामगार कापलेल्या मजुरीवरच परत गेले. पण त्याच लोकांनी पुढे स्वतःचा पक्ष हवा असं ठरवलं आणि जानेवारी १८९३ मध्ये 'इंडिपेंडंट लेबर पार्टी' ब्रॅडफर्डमध्येच स्थापन झाली. आजच्या मजूर पक्षाच्या मुळांपैकी हे एक.

आप्पांनी पुन्हा विचारलं, "किती आठवडे म्हणालीस?"

"एकोणीस."

"त्यांचा मिटला तरी. आमचा अजून कुणी मागं घेतलेला नाही."

हे खरंच आहे. १९८२ चा गिरणी संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अडीच लाख माणसं होती त्यात. आणि एक गोष्ट मला तिथे उभं असतानाच आठवली: ज्या १८९० साली मॅनिंगहॅमच्या बायका बाहेर पडल्या, त्याच साली १० जूनला नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांमुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती.

लिस्टर मिल १९९२ साली बंद पडली. आता तिच्या बऱ्याच भागात राहती घरं आहेत. खिडक्यांना पडदे, एका खिडकीत टोमॅटोची रोपं. लालबागला आमच्या गिरणीच्या जागी टॉवर आहे, त्यात गिरणीची एक वीटही नाही.

दुसरा दिवस सॉल्टेअर. हे सगळ्यांना माहीत असतं, कारण २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. टायटस सॉल्ट हा अल्पाका (दक्षिण अमेरिकेतला एक लोकरी प्राणी) लोकरीच्या कापडावर मोठा झालेला गिरणीमालक, ब्रॅडफर्डचा महापौरही होता. शहरातला धूर आणि पटकीची साथ त्याने पाहिली होती. त्याने गावाबाहेर एअर नदीकाठी एक प्रचंड गिरणी आणि तिच्याभोवती कामगारांचं गाव वसवलं. गिरणी २० सप्टेंबर १८५३ ला, त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सुरू झाली. एका अंगाला कालवा, दुसऱ्या अंगाला रेल्वे. माल एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. आठशेवर घरं, प्रत्येकाला नळ आणि स्वतंत्र संडास, शाळा, इस्पितळ, म्हाताऱ्यांसाठी घरं, बाग, वाचनालय. गल्ल्यांना त्याच्या मुलांची नावं. दारूचा गुत्ता मात्र नाही, तो त्याने होऊच दिला नाही.

गल्लीतून चालताना आप्पांच्या एक गोष्ट माझ्याआधी लक्षात आली. रांगेच्या टोकाची घरं मोठी, उंच, मधली बुटकी. "ही जॉबरची," ते म्हणाले. मी फलक वाचला. खरंच, मोठी घरं मुकादमांसाठी. सॉल्टने कामगारांचं भलं केलं यात मला शंका नाही, १८५० च्या ब्रॅडफर्डात असं घर म्हणजे जीव वाचणं होतं. पण नोकरी गेली की घर गेलं आणि घरात कसं वागायचं हेही मालकच ठरवणार, हे विसरून नुसतं 'किती छान गाव' म्हणणं मला जमलं नाही.

गिरणी १९८६ साली बंद पडली. पुढच्याच वर्षी जोनाथन सिल्व्हर या ब्रॅडफर्डच्या माणसाने ती विकत घेतली आणि आपल्याच शहरात जन्मलेल्या डेव्हिड हॉकनीची चित्रं तिथे लावली. आज आत चित्रं, पुस्तकं, फुलांचा दरवळ, चहा. मला फार आवडलं. आप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, हाताने लोखंडी खांब चाचपत. परत येऊन म्हणाले, "जागा चांगली ठेवलीया. पण यंत्रं कुठायत?"

म्हणून तिसरा दिवस. आणि ज्याच्यासाठी मी हा धागा काढला तो हाच.

एकल्सहिल भागात मूरसाइड मिल्स नावाच्या जुन्या, लहानशा वर्स्टेड गिरणीत ब्रॅडफर्ड इंडस्ट्रियल म्युझियम आहे. फार कुणी जात नाही. आम्ही गेलो त्या दिवशी माग चालवून दाखवत होते. चालवणारे काका सत्तरीच्या पुढचे, स्वतः गिरणीत काम केलेले. दांडा ओढला आणि तो आवाज सुरू झाला. एकच माग, पण जमीन हादरत होती. धोटा दिसत नाही, नुसती एक रेघ इकडून तिकडे. आप्पांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. साचेखात्यातल्या आवाजाने त्यांचा कान चाळिशीतच गेला होता. लहानपणापासून मी पाहतेय, आप्पा बोलताना नेहमी माणसाच्या अगदी समोर येतात आणि ओठ मोठे हलवतात. आम्हाला वाटायचं ही सवय. त्या दिवशी ते काका मागाच्या आवाजात शेजारच्या बाईंशी बोलले तेव्हा कळलं. तसेच समोर येऊन, तसेच ओठ मोठे करून, आवाज न काढता. इथल्या गिरण्यांत सगळे असेच ओठ वाचून बोलायचे, हे त्यांनी नंतर सांगितलं.

मध्येच ताण्याची एक तार तुटली. त्यांनी माग थांबवला, टोक शोधलं, गाठ मारली. आप्पा दोरीच्या अगदी कडेला आले होते. मी सांगितलं, हे माझे वडील, मुंबईला गिरणीत तेरा वर्षं होते, शेवटी दोन साचे सांभाळायचे. काका म्हणाले, मीही दोनच. मग त्यांनी बॉबिनवरून दोन वीतभर धागे तोडले आणि आप्पांच्या हातात दिले.

आप्पांनी दोन्ही टोकं डाव्या अंगठ्याखाली एकमेकांवर धरली. एक धागा अंगठ्यावरून फिरवून मागून पुढे आणला, मोकळं टोक अंगठ्याच्या नखाने फाशात दाबलं आणि ओढलं. दोन सेकंद लागले असतील. त्रेचाळीस वर्षांनी. काकांनी स्वतःची गाठ त्यांच्या गाठीशेजारी धरली. सारखीच. तिळाएवढी, फणीतून अडकल्याशिवाय जाईल अशी. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पुढची वीस मिनिटं त्यांनी एकमेकांना कुठे काय दुखतं ते दाखवण्यात घालवली: गुडघा, कान, उजवा खांदा.

तिथून शहरात परतलो आणि एका साध्या खानावळीत बसलो. टेबलावर चमचे नाहीत, कढाई आणि गरम रोट्या. शेजारच्या टेबलावरचे एक आजोबा आमचं बोलणं ऐकून उर्दूत विचारते झाले, कुठले तुम्ही. ते पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरचे. १९६० च्या दशकात तिकडे मंगला धरण झालं, लाखभर माणसं उठली आणि त्यातली बरीच ब्रॅडफर्डला आली. इथे लोकर विंचरायच्या खात्यांत रातपाळीला माणसं मिळत नव्हती. गोऱ्यांना रातपाळी नको होती, बायकांना कायद्याने रात्री लावता येत नव्हतं. ती पाळी या लोकांनी चालवली. आजोबा सांगत होते: एका घरात पंधरा-सोळा माणसं, एका खाटेवर दोघे. एक रातपाळीचा, एक दिवसपाळीचा. एक उठला की दुसरा त्याच गरम गादीवर.

आप्पा म्हणाले, "आमच्या गाळ्यात बावीस होतो. वळकटी बदलायची फक्त." त्यांच्या मुंबईच्या हिंदीत. दोघांनी एकमेकांना खोलीचं भाडं विचारलं, पगार विचारला, गावी किती पाठवायचात ते विचारलं. बिल आजोबांनीच दिलं, आम्हाला हातही लावू दिला नाही.

जाणाऱ्यांसाठी: सॉल्टेअरचं स्टेशन गिरणीच्या दाराशीच आहे. म्युझियमचे उघडे वार आणि माग चालवायच्या वेळा आधी नक्की बघा. नुसती बंद यंत्रं बघायला जाऊ नका.

---

पाऊसवेडी

किती सुंदर लिहिलंयस. गाठीचा प्रसंग दोनदा वाचला. माझ्या सासूबाई ७२ च्या आहेत, त्यांना चढ झेपत नाहीत. सॉल्टेअर जमेल का?

---

लालबागची लेक

@पाऊसवेडी, सॉल्टेअर उतारावर आहे. स्टेशनवरून गिरणीपर्यंत सपाट, गावातल्या गल्ल्या मात्र चढाच्या. गिरणी, चर्च आणि पलीकडची नदीकाठची बाग एवढंच केलंत तर त्रास नाही. म्युझियम बसने, फार चालावं लागत नाही.

---

इचलकरंजीचा

ताई, धागा वाचून घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्याकडे अजून चाळीस साधे माग चालू आहेत, म्हणून 'गेलेला उद्योग' हा शब्द मला जरा टोचतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आमच्या गावात पहिला यंत्रमाग आणला, संस्थानचे घोरपडे सरकार पाठीशी होते. एकशे वीस वर्षं झाली. आता एअरजेट आणि रॅपियर हे बिनधोट्याचे वेगवान माग आलेत, साधे माग भंगारात किलोवर जातायत. माझ्याकडे कांडी भरायला येणाऱ्या मावशी तीस वर्षं तेच काम करतायत. ब्रॅडफर्डच्या म्युझियममध्ये जे ठेवलंय ते आमच्याकडे आज सकाळी सहाला सुरू झालं.

तुमच्या वडिलांनी केलेली गाठ आमच्याकडे सांधणीवाला अशीच मारतो. हात बघत राहावेत असे असतात.

एक विचारतो: तिथे जे माग ठेवलेत ते कुठल्या बनावटीचे?

---

लालबागची लेक

@इचलकरंजीचा, तुमचं म्हणणं अगदी बरोबर. 'गेलेला' हा शब्द ब्रॅडफर्डपुरता घ्या. आणि तोही पूर्ण खरा नाही, वर्स्टेडचं थोडं काम इकडे अजून होतं. मागांबद्दल: ब्रॅडफर्डच्या जवळच कीथली गावात हॅटर्सली नावाचा मागांचा मोठा कारखाना होता, आणि वर्स्टेडसाठी 'डॉबक्रॉस' माग इकडे सर्रास वापरायचे. दोन्ही नावं तिथे दिसतात.

तुमच्या मावशींचा आवाज फोनवर रेकॉर्ड करून ठेवाल का? खरंच सांगते.

---

कापूसकोंडा

मी खामगावचा. ताईंनी कापूस आणि लोकर वेगळी करून सांगितली हे फार चांगलं केलं, कारण आमच्या वऱ्हाडाचा संबंध लोकरीशी नाही, लँकेशायरशी आहे. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध होतं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या ठप्प झाल्या. त्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे मोर्चा वळवला. आमच्याकडे कापसाला सोन्याचा भाव आला. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत खास रेल्वेचा फाटा टाकला तो कापसासाठीच. युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत सुरू झाला आणि भाव कोसळले. ज्यांनी भावाच्या भरवशावर कर्ज काढलं त्यांची दैना झाली. वऱ्हाडातला शेतकरी जगाच्या बाजाराला तेव्हा पहिल्यांदा बांधला गेला आणि अजून सुटलेला नाही.

त्या काळात लँकेशायरचे कामगार उपाशी होते, तरी मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना पत्र लिहून आभार मानले. मँचेस्टरच्या एका चौकात लिंकनचा पुतळा आहे. मी मुलाकडे गेलो होतो तेव्हा मुद्दाम जाऊन त्याच्या पायाशी उभा राहिलो. उपाशीपोटी दुसऱ्याच्या सुटकेची बाजू घेणं सोपं नसतं.

लँकेशायरला जाणार असाल तर बर्न्लीजवळची क्वीन स्ट्रीट मिल बघा. वाफेच्या इंजिनावर चालणारं मागखाना जसंच्या तसं आहे. इंजिनाचं नाव 'पीस', म्हणजे शांती. ती गिरणी बंद पडली मार्च १९८२ मध्ये. ताईंच्या वडिलांचा संप सुरू होऊन तेव्हा दोन महिने झाले होते. दिवस मोजकेच उघडी असते, चौकशी करून जा.

---

डॉक्टर_निवृत्त

सॉल्टच्या अल्पाकाचा उल्लेख आला म्हणून लिहितो. परदेशातून आलेल्या अल्पाका आणि मोहेरच्या (अंगोरा शेळीच्या लोकरीच्या) गाठोड्यांतून ब्रॅडफर्डच्या कामगारांना एक भयंकर आजार व्हायचा. सकाळी बरा असलेला माणूस ताप आणि धाप लागून दोन-तीन दिवसांत जायचा. त्याला 'लोकर निवडणाऱ्यांचा आजार' असंच नाव पडलं होतं. जॉन हेन्री बेल या ब्रॅडफर्डच्याच डॉक्टरने १८७९ च्या सुमारास दाखवून दिलं की हा अँथ्रॅक्स, म्हणजे जनावरांचा फाशी रोग. गाठोडं फोडलं की जंतूंची धूळ थेट श्वासात. पुढे फ्रेडरिक युरिक या जंतुशास्त्रज्ञाने याच शहरात वर्षानुवर्षं लोकरीचे नमुने स्वतःच्या हाताने तपासले. लोकर निर्जंतुक कशी करायची ते त्यातून ठरलं आणि १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये तसा कायदा झाला.

लोकर निवडणारा माणूस उत्तरेकडच्या खिडकीशी बसतो, कारण तो उजेड दिवसभर सारखा असतो. बोटांनीच प्रत ठरवतो. तेच बोट, तीच धूळ. जुन्या गिरण्यांच्या उत्तरेकडच्या मोठ्या खिडक्या पाहिल्या की मला ते आठवतं.

---

पेनाइनपलीकडे

मी ब्रॅडफर्डमध्येच राहतो, बारा वर्षं. धागा मनापासून आवडला, पण एक बाजू राहिली असं वाटतं. हे शहर आज गरीब आहे. २०२५ ला ब्रिटनची सांस्कृतिक नगरी म्हणून मान मिळाला, कार्यक्रम झाले, मला अभिमान वाटला. पण माझ्या रस्त्यावरची अर्धी दुकानं बंद आहेत. जुन्या गिरण्या एकामागून एक जळतात. २०१६ मध्ये ड्रमंड मिल जळाली तेव्हा आमच्या घरापर्यंत धूर आला होता. सगळ्या गिरण्यांना जोनाथन सिल्व्हर मिळत नाही. सॉल्टेअरमध्ये जी घरं लोकर विंचरणाऱ्यांसाठी बांधली, ती आज तसल्या पगाराच्या माणसाला परवडणार नाहीत.

आणि मीरपूरच्या लोकांबद्दल. गिरण्यांनी त्यांना बोलावलं, वीस वर्षांत गिरण्या बंद झाल्या आणि ते इथेच राहिले. नंतर बेकारीचं खापर त्यांच्याच डोक्यावर फुटलं. २००१ च्या जुलैत मोठी दंगल झाली. माझ्या शेजारच्या चाचांनी अठरा वर्षं रातपाळी केली, आजही त्यांना दिवसा झोप येते आणि रात्री येत नाही. पर्यटकांनी यावं, जरूर यावं, पण फक्त सॉल्टेअरच्या गाडीत बसून परत जाऊ नये.

---

लालबागची लेक

@पेनाइनपलीकडे, राहिलंच ते, आणि तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. मी तीन दिवसांची पाहुणी, तुम्ही तिथले. चाचांचं झोपेचं वाचून थांबले. आप्पा आजही रात्री साडेबाराला उठून बसतात. आई असताना म्हणायची, यांची पाळी सुटायची वेळ झाली.

---

सूतपुनी

या विषयात गांधीजी यायलाच हवेत. गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये आले होते तेव्हा सप्टेंबरात ते मुद्दाम लँकेशायरला डार्वेनला गेले. आपल्या परदेशी कापडाच्या बहिष्कारामुळे जिथे कामगार बेकार झाले होते, तिथेच. गिरणीच्या बायकांच्या घोळक्यात पंचा नेसून उभे आहेत आणि त्या बायका हात वर करून जल्लोष करतायत, तो फोटो सगळ्यांनी पाहिला असेल. ज्यांची मजुरी आपल्यामुळे गेली त्यांच्या दारात जाऊन त्यांचं ऐकून घेणं, आणि त्यांनीही प्रेमाने ऐकणं, हे मला त्या सगळ्या दौऱ्यातलं सगळ्यात मोठं वाटतं. ते काकांचं आणि तुमच्या वडिलांचं वाचून तोच फोटो आठवला.

---

परळचा_पोपट

आमचे आजोबा रिंग खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात, होते. गेले २०११ ला. काहीच विचारून ठेवलं नाही. बॉबिन बदलायच्या वेळी काय हाक मारायचे, खानावळीत काय मिळायचं, काही नाही. फक्त त्यांचं ओळखपत्र आहे, पितळी बिल्ला. म्हाडाच्या घराचा अर्ज भरताना तो शोधला होता.

---

लालबागची लेक

@परळचा_पोपट, बिल्ल्याचा नंबर वाचता येत असेल तर जपून लिहून ठेवा, खातं त्यावरून कळू शकतं.

तुम्ही लिहिलंत म्हणून शेवटचं एक सांगते. ब्रॅडफर्डमध्ये १९८० च्या दशकात, गिरण्या बंद पडत असतानाच, शहराच्या एका गटाने घरोघरी जाऊन शेकडो जुन्या कामगारांच्या मुलाखती टेपवर घेऊन ठेवल्या. त्यात यॉर्कशायरचे गोरे आहेत, युक्रेन-पोलंडहून आलेले आहेत, मीरपूरचे आहेत. म्युझियममध्ये त्यातले काही आवाज ऐकायला मिळाले. आप्पांना भाषा कळली नाही, पण कानाला लावून पूर्ण ऐकलं.

घरी आल्यावर मी फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आप्पा, साचेखात्यात पहिल्या दिवशी काय झालं ते सांगा. सुरुवातीला लाजले. मग मावसभावाने जॉबरकडे कसं नेलं, चहाला किती पैसे दिले, बदली कामगार म्हणून, कुणी गैरहजर असेल तरच काम, चौदा महिने फाटकावर कसं उभं राहावं लागलं, हे सांगितलं. आतापर्यंत अकरा तास झालेत. ते पाटणला परतले तरी दर रविवारी फोनवर चालू आहे. काल त्यांनी विचारलं, त्या गोऱ्या मागवाल्याला पण अशी गाठ कुणी शिकवली होती ते विचारलंस का? नव्हतं विचारलं. येत्या शनिवारी एकल्सहिलला जाऊन विचारून येते.